भेगा बुजवणारा भाद्रपद

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या वऱ्हाडातली काळी जमीन तुम्ही उन्हाळ्यात पाहिली असेल. चैत्र-वैशाखात तिला अशा भेगा पडतात की लहान मुलाचा पाय घोट्यापर्यंत आत जावा. मृगाचा पाऊस पडला की त्या भेगा हळूहळू मिटू लागतात. भाद्रपद येईपर्यंत कपाशी कमरेला लागलेली असते आणि इथे कधी भेग होती हे सांगूनही खरं वाटत नाही. याच भाद्रपदात जैन बांधवांचं पर्युषण पर्व येतं. आज मला त्या पर्वाविषयी बोलायचं आहे.

मी जैन नाही. माझ्या नावावरून ते तुमच्या ध्यानात आलंच असेल. पण माझं बालपण कारंजा लाडला गेलं. आज हे गाव वाशीम जिल्ह्यात आहे, १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यात होतं. दत्तभक्तांना कारंजा माहीत आहे ते नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान म्हणून. जैनांना माहीत आहे ते सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तीन जुन्या परंपरांच्या मंदिरांसाठी आणि तिथल्या हस्तलिखितांच्या भांडारांसाठी. माझे अब्बा शिंपी. आमचं शिलाई मशीन ज्या ओसरीवर होतं, तिच्या शेजारीच एका जैन शेटजींचं कापडाचं दुकान होतं. त्यामुळे ईद कधी हे जसं मला कळायचं, तसं पर्युषण कधी हेही न सांगता कळायचं.

पर्युषण या शब्दाचा सरळ अर्थ, एका ठिकाणी राहणं. पावसाळ्यात जमिनीवर असंख्य जीव उपजतात. चालताना ते पायाखाली येऊ नयेत म्हणून जैन साधू-साध्वी चार महिने विहार थांबवतात आणि एका गावी मुक्काम करतात. हा चातुर्मास. त्याच्या मध्यावर पर्युषण येतं. श्वेतांबर पंथाचं पर्व आठ दिवसांचं असतं. शेवटचा दिवस संवत्सरीचा, तो भाद्रपद शुद्ध चतुर्थीच्या किंवा पंचमीच्या सुमारास येतो. या दिवसांत कल्पसूत्राचं वाचन होतं आणि त्यातला महावीरांच्या जन्माचा भाग मोठ्या थाटात वाचला जातो. दिगंबर पंथाचं पर्व पंचमीला सुरू होऊन अनंत चतुर्दशीला संपतं. त्याला दशलक्षण म्हणतात. क्षमा, मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य आणि ब्रह्मचर्य असे दहा दिवसांचे दहा धर्म. मार्दव म्हणजे अहंकार सोडून मऊ होणं, आर्जव म्हणजे आत-बाहेर सरळ असणं, आणि आकिंचन्य म्हणजे माझं असं काही नाही हे मनाला पटवणं. तत्त्वार्थसूत्राचे अध्यायही दहाच. रोज एक वाचतात.

गंमत पाहा, दहा धर्मांत पहिला मान क्षमेला. आणि पर्व संपल्यावर भाद्रपद वद्य प्रतिपदेला जी क्षमावाणी होते तीही क्षमेचीच. म्हणजे क्षमेपासून निघायचं, नऊ मुक्काम करायचे, आणि पुन्हा क्षमेच्याच दारात येऊन उभं राहायचं.

त्या दिवसांत शेटजींच्या घरातल्या बाई उकळून गार केलेलं पाणी पीत. पानभाज्या बंद, कांदा-बटाटा तर एरवीही नसे, आणि दिवेलागणीच्या आत जेवणं आटोपलेली. कुणी एक वेळ जेवे, कुणी निरंकार उपास करी. शुद्ध दशमीला, म्हणजे सुगंधदशमीला, मंदिरात धूप जाळायला बायकांची रांग लागे आणि त्या वासानं आमची गल्ली भरून जाई. अब्बा त्या दिवसांत घरी गोश्त आणत नसत. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "भिंत एकच आहे बेटा. वास भिंत मानत नाही."

हे सांगतो ते अशासाठी की पर्युषणात कत्तलखाने बंद ठेवावेत की नाही, यावर आपल्याकडे अधूनमधून मोठा वाद होतो. वाद जुनाच आहे. १५८३ साली आचार्य हीरविजयसूरी फतेहपूर सिक्रीला अकबर बादशहाला भेटले, आणि त्या भेटीनंतर पर्युषणाच्या दिवसांत प्राणिहत्या थांबवण्याची फर्मानं निघाली. बादशहाचं फर्मान ही इतिहासात नोंदवण्याजोगीच गोष्ट आहे. अब्बांचं वागणं कुठल्या इतिहासात नाही. पण शेजार टिकतो तो अशा वागण्यावर.

१९८२ साली मी बारा वर्षांचा होतो. दिवाळीच्या सुट्टीत शेटजी सहकुटुंब मुक्तागिरीच्या यात्रेला निघाले. त्यांचा मुलगा माझ्या वर्गातला. त्यानं हट्ट धरला म्हणून मलाही बरोबर घेतलं. तेव्हा आमची शकुंतला रेल्वे चालू होती. कारंज्याहून मूर्तिजापूर, तिथे गाडी बदलून अचलपूर. गाडी इतकी सावकाश की मुलं उतरून बोरं तोडून पुन्हा चढत. अचलपुरात माझी नानी राहायची, तेवढ्यासाठी अब्बांनीही परवानगी दिली.

मुक्तागिरी तसं मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात आहे. पण परतवाड्याहून ते इतकं जवळ की आम्ही वऱ्हाडी लोक त्याला आमचंच समजतो. सातपुड्याच्या कुशीत एक उंच कडा, त्यावरून कोसळणारी धार, आणि डोंगरभर पसरलेली बावन्न मंदिरं. निर्वाणकांड या प्राकृत स्तोत्रात अचलपूरच्या ईशान्येला असलेल्या मेढागिरी शिखराचा उल्लेख आहे. तिथून साडेतीन कोटी मुनी मोक्षाला गेले अशी श्रद्धा आहे. नावाची एक कथाही सांगतात. ध्यानस्थ मुनींसमोर कड्यावरून एक मेंढा पडला. मुनींनी मरणाऱ्या त्या जिवाच्या कानात णमोकार मंत्र म्हटला आणि तो मेंढा देवगतीला गेला. मी खाटकांच्या मोहल्ल्याशेजारी वाढलेला मुलगा. मेंढ्यासाठी कुणी मंत्र म्हणतं हे मला तेव्हा अजब वाटलं, आणि ती गोष्ट मनातून गेलीही नाही.

परतताना आम्ही अचलपुरात नानीकडे थांबलो. तिच्या घरापासून बिच्छन नदीकाठचा शाह दुल्हा रहमान गाझींचा दर्गा जवळ होता. नानी गोष्ट सांगायची ती अशी: गाझीचं लग्न लागत होतं, तोच लढाईचा सांगावा आला. तो नवरदेवाच्या वेशातच निघाला, अचलपूरच्या ईल राजाशी लढला आणि त्या लढाईत शहीद झाला. म्हणून तो दुल्हा. शेटजींनी ही गोष्ट ओसरीवर बसून शांतपणे ऐकून घेतली आणि मग म्हणाले, "अम्मा, तो ईल राजा आमचा."

कारण जैन परंपरेत ईल राजा हा मोठा भाविक. त्याच्या अंगावर कोड उठलं होतं. शिरपूरच्या तळ्यात हातपाय धुतले तर कोड गेलं. त्या तळ्यातून पार्श्वनाथांची मूर्ती निघाली. राजा ती गाडीतून नेऊ लागला. मागे वळून पाहू नकोस अशी अट होती. राजानं वळून पाहिलं आणि मूर्ती जिथल्या तिथे अधांतरी थांबली. तेच शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ. पूर्वी मूर्तीखालून घोडेस्वार जाई, आता कापड सरकेल एवढीच जागा आहे, असं लोक सांगतात.

एकाच राजाच्या या दोन दंतकथा. एकीत तो गाझीचा वैरी, दुसरीत भगवंताचा भक्त. त्या दिवशी माझी नानी आणि शेटजी एकाच दिव्याच्या उजेडात बसून दोन्ही गोष्टी एकमेकांना सांगत होते आणि कुणाचाही आवाज चढला नाही. इतिहास याहून वेगळाही असेल. एलिचपूर हे नाव ईल राजावरून पडलं म्हणतात. पण बाराव्या शतकातले जैन आचार्य हेमचंद्र यांच्या प्राकृत व्याकरणात खास या गावासाठी एक सूत्र आहे. अचलपुरातले च आणि ल आपसात जागा बदलतात आणि अलचपूर होतं, असं ते सांगतं. म्हणजे नावाचं श्रेय राजाचं की लोकांच्या जिभेचं, हे कोण ठरवणार?

परतीच्या गाडीत मोठी माणसं शिरपूरबद्दलच बोलत होती. आदल्या वर्षी, १९८१ साली, तिथे कुलूप पडलं होतं.

ते कुलूप कशाचं हे थोडक्यात सांगतो. शिरपूरच्या मूर्तीची पूजा श्वेतांबर आणि दिगंबर दोघेही करत आले. पूजेच्या पद्धती वेगळ्या, म्हणून १९०५ साली दोघांनी मिळून वेळापत्रक ठरवलं. मग कुरबुरी झाल्या. १९१० साली प्रकरण अकोल्याच्या न्यायालयात गेलं, तिथून नागपूरला, आणि १९२९ साली थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत. तरी ते मिटलं नाही. पुढे मूर्तीच्या लेपावरून तंटा वाढला आणि १९८१ साली दार बंद झालं. ते उघडलं २०२३ च्या मार्च महिन्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर. बेचाळीस वर्षं. त्या बेचाळीस वर्षांत दोन्ही पंथांनी दरवर्षी पर्युषण पाळलं, दरवर्षी जगातल्या सर्व जीवांची क्षमा मागितली.

मी हे बोट दाखवण्यासाठी सांगत नाही. आमच्याकडे मशिदीच्या कमिट्यांचे तंटे काय कमी आहेत? घरोघरी मातीच्या चुली. चूक-बरोबर कोण, हे ठरवण्याचा मला अधिकारही नाही. मला एवढंच दिसतं की सर्व जीवांची क्षमा मागणं सोपं असतं आणि शेजारच्या एका माणसाची मागणं अवघड.

हे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतो. आता तो सांगतो.

१९९४ साली मी बी.ए. होऊन कविता करत हिंडत होतो. कारंज्यात गणेशोत्सवातलं कविसंमेलन होतं. गणपतीचे दिवस आणि दशलक्षणाचे दिवस जवळजवळ एकच. मी एक विनोदी कविता वाचली. एका कापड दुकानदारावर होती ती. मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपून चालणारा, आणि मीटरमागे चार बोटं कापड मारणारा. मंडप हसला, टाळ्या पडल्या. शेटजी तिसऱ्या रांगेत बसले होते. गावात नाव घेण्याची गरजच नव्हती.

शेटजींनी आयुष्यात कुणाचं चार बोटं कापड मारल्याचं मला माहीत नाही. उलट अब्बांना ते वर्षानुवर्षं उधारीवर कापड देत होते. ती कविता मला दिसलेल्या माणसावर नव्हतीच, ऐकलेल्या थट्टेवर होती. टाळीसाठी शेजारचा माणूस वापरला होता मी. सुगंधदशमीच्या व्रतकथेत एक राणी मुनींना कडू भोपळ्याचं अन्न वाढते आणि पुढच्या जन्मी तिच्या अंगाला दुर्गंध येतो. ही कथा जिनसागर या जुन्या कवीनं मराठीतही लिहिली आहे. माझी ती कविता म्हणजे तोच कडू भोपळा.

चार-सहा दिवसांनी प्रतिपदा आली. सकाळी शेटजी दरवर्षीप्रमाणे आमच्या ओसरीवर आले, पागोटं काढून हात जोडले आणि अब्बांना म्हणाले, "मास्टर, सालभरात मनानं, बोलण्यानं, हातानं तुमचं काही दुखलं असंल, तं क्षमा करजा." अब्बांनी त्यांचे जोडलेले हात आपल्या हातात घेतले. मग शेटजी माझ्याकडे वळले. "कवी, तुम्हीही क्षमा करजा."

जन्मापासून त्यांनी मला 'बाबू' आणि 'तू' म्हटलं होतं. त्या दिवशी मी 'तुम्ही' झालो. मला तेव्हाच त्यांचे पाय धरता आले असते. मी काय केलं? हसलो. "अहो शेटजी, काय हे" असं म्हणून आत गेलो. रात्री अब्बा एवढंच म्हणाले, "देणं तुझं होतं. तो फेडून गेला."

पुढच्या प्रतिपदेला जाईन असं मी मनाशी ठरवलं होतं. तिच्या आधीच, उन्हाळ्यात, शेटजी गेले.

श्रोतेहो, इस्लाममध्ये दोन प्रकारचे हक्क मानतात. हुकूकुल्लाह, म्हणजे अल्लाहचे हक्क, आणि हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क. नमाज चुकली, रोजा चुकला, तर अल्लाहकडे तोबा करता येते. पण माणसाचं मन दुखावलं, त्याचा पैसा बुडवला, तर नुसत्या तोबेनं भागत नाही. त्या माणसाकडूनच माफी मिळवावी लागते. म्हणून हजला निघणारा माणूस आधी गावात घरोघर फिरतो आणि म्हणतो, कहा-सुना माफ करना. जैन माणूस म्हणतो, मिच्छा मि दुक्कडं, माझं दुष्कृत मिथ्या होवो. भाषा वेगळी, पण दोन्हीकडे माणसाच्या दारात पायी जावं लागतं. देवाच्या नावे परस्पर पावती फाडता येत नाही.

पुढे अकोल्याला नोकरीत असताना मी जैन ग्रंथ वाचू लागलो. वऱ्हाडात त्याला तोटा नव्हता. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात डॉ. हिरालाल जैन संस्कृत शिकवत. कारंज्याच्या भांडारातली अपभ्रंश काव्यं त्यांनी संपादित करून जगापुढे आणली. दिगंबरांचा प्राचीन ग्रंथ षट्खंडागम, त्यावरची धवला टीका, ही कित्येक शतकं दक्षिणेत मूडबिद्रीच्या भांडारात ताडपत्रांवर बंद होती. तिचा पहिला छापील भाग १९३९ साली निघाला तो आमच्या अमरावतीहून. एकूण सोळा भाग झाले. कुलपं उघडण्याचं असंही एक काम वऱ्हाडानं केलेलं आहे.

त्या वाचनात मला क्रोधाचं एक वर्गीकरण सापडलं. जैन विचारात क्रोधाचे चार दर्जे आहेत आणि त्यांना चार रेघांची उपमा दिलेली आहे. पहिला क्रोध पाण्यावरच्या रेघेसारखा, ओढता-ओढता मिटणारा. दुसरा वाळूतल्या रेघेसारखा, वाऱ्यानं बुजणारा. तिसरा जमिनीला पडलेल्या भेगेसारखा. आणि चौथा दगडाला गेलेल्या तड्यासारखा, कधीच न सांधणारा. किती काळ कोणता क्रोध टिकतो याचं गणित दोन पंथांत थोडं वेगळं आहे. श्वेतांबर परंपरेत पहिल्याची मुदत पंधरवड्याची, दुसऱ्याची चार महिन्यांची, तिसऱ्याची वर्षाची आणि चौथ्याची जन्मभराची. म्हणून प्रतिक्रमण, म्हणजे आपल्या चुका आठवून मागे फिरणं, हेही रोजच्या खेरीज पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं असतं. वर्षाच्या आत मन साफ केलं नाही, तर मातीची भेग दगडाचा तडा होते.

हे वाचलं आणि मला आमची काळी जमीन आठवली. तिची भेग पुढच्या पावसात बुजते. तिला एक पावसाळा पुरतो. मी मात्र एका मागोमाग एक पावसाळे कोरडे घालवत होतो. राग शेटजींचा नव्हताच. भेग माझ्याकडे होती, लाजेची.

२०२३ साली शिरपूरचं दार उघडल्याची बातमी वाचली. बेचाळीस वर्षं, हा आकडा पाहिला आणि माझ्या कुलपाचा हिशेब केला. एकोणतीस वर्षं. त्या वर्षीच्या भाद्रपद वद्य प्रतिपदेला मी कारंज्याला गेलो. शकुंतला बंद पडलेली, म्हणून एस.टी.नं. शेटजींच्या मुलाच्या दारात उभा राहिलो. आता तोही नातवंडांचा धनी. म्हटलं, "तुह्या बाबूजींची एक माफी माह्याकडे राहिली आहे. ते नाहीत, म्हणून तुह्याकडे आलो."

त्यानं कविता कोणती हे विचारलं नाही. त्याला ती आठवत होती. थोड्या वेळानं म्हणाला, "त्या दिवशी घरी आले तेव्हा बाबूजी म्हणाले होते, माझ्या मनात पोराबद्दल राग आला होता, तो सोडून आलो. त्यांनी तं तेव्हाच सोडलं रे. तू काहून इतके साल धरून बसला?"

मला वाटत होतं, शेटजी रीत म्हणून क्षमा मागायला आले होते. तसं नव्हतं. माझ्याविषयी मनात राग आला, याचीच क्षमा ते माझ्याकडे मागत होते. एवढा बारीक हिशेब ठेवणारा माणूस कापडात चार बोटं मारील?

मुलानं माफ केलं, पण शेटजींना जे सांगायचं होतं ते सांगायचं राहिलंच. ते आता या जन्मी होणार नाही. आमच्याकडे म्हणतात, ज्याचं देणं राहिलं तो गेला असेल तर त्याच्यासाठी दुआ मागावी आणि त्याचं चांगलं चारचौघांत सांगावं. आज आकाशवाणीवरून मी तेवढंच करतो आहे.

आता क्षमावाणीचे संदेश मोबाइलवर येतात. गुलाबाची फुलं, जोडलेले हात, एका बोटानं पाचशे माणसांना. मलाही येतात आणि मीही पाठवतो. त्यात वाईट काही नाही. पण त्या पाचशे नावांत एक नाव असं असतं की ज्याला तो संदेश पाठवताना आपलं बोट थोडं थांबतं. त्या माणसाला संदेश पाठवू नका. त्याच्या दारात जा. तो आहे तोवर जा. वऱ्हाडात भाद्रपद दरवर्षी येतो, पण माणूस पुढच्या भाद्रपदापर्यंत असेलच असं नाही.

माझ्या बोलण्यात काही चुकलं असेल, कुणाचं मन दुखावलं असेल, तर मिच्छा मि दुक्कडं. कहा-सुना माफ करना.

नमस्कार.